चावीचं नाव चढवताना

सेकंडहँड गाडी विकणाऱ्याची दुसरी चावी कायम ‘घरी कपाटात’ असते. आमच्या फोर्ड फिगोच्या आधीच्या मालकांची चावी कपाटातून सांगलीच्या बहिणीकडे गेली, तिथून ती कुठे गेली ते बहिणीला आठवेना, आणि शेवटी त्यांनी मलाच विचारलं, “पण एकीनं तुमचं अडतं काय?” अडत होतं ते घरात. मी, बायको आणि नुकतंच लायसन्स हातात पडलेली मुलगी, एवढ्यांचा संसार एका चावीवर चालत नाही. ज्याच्या खिशात चावी, तो नेमका आंघोळीला गेलेला असतो.

चावीवाल्यानं चावी उलटीसुलटी करून पाहिली. “कापून देतो. दार उघडेल, डिकी उघडेल. गाडी चालू होणार नाही. चिप आहे ना साहेब! तिचं वेगळं मशीन लागतं.” मशीनवाल्यानं फोनवर आकडा सांगितला. तो मी घरी सांगितला, तर बायको म्हणाली, “सॉफ्टवेअरमध्ये केस पांढरे केलेस आणि एक चावी होत नाही तुला?” असल्या प्रश्नावर पैसे मोजून मोकळा होईल तो नवरा कसला?

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला ही भानगड नव्हती. तिला कुठलीही चावी चालायची, प्रसंगी गोदरेजच्या कपाटाचीसुद्धा. तरी ती कधी चोरीला गेली नाही, कारण तिला धक्का मारायला चार माणसं लागत, आणि एवढी माणसं गोळा करणं चोराला परवडत नसे. पुढे चोर सुधारले. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि ही चिप हळूहळू आपल्याकडच्या गाड्यांतही आली. चावीच्या मुठीतल्या या चिपला बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, तेच तिला वीज पुरवतं आणि तेच तिची चौकशी करतं. उत्तर पटलं नाही, तर इंजिन हलत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी अशाच एका चिपचं ४० बिटांचं गुपित फोडून एक फोर्ड एस्केप सुरू करून दाखवली होती. मला काही फोडायचं नव्हतं, रीतसर नोंदणी करायची होती. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती. माझ्याकडे सोसायटीचं पार्किंग, लॅपटॉप आणि फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर.

शिवाय लागतो एक अडॅप्टर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं झालं ते धुरावर लक्ष ठेवायला, पण त्यातून गाडीच्या पोटातलं बरंच काही कळतं. त्यात बसणाऱ्या अडॅप्टरमधली ईएलएम ३२७ ही चिप मूळची एका कॅनेडियन कंपनीची. तिची पहिली आवृत्ती कॉपीपासून सुरक्षित करायची राहून गेली आणि जगभर नकलांचं पीक आलं. त्यातल्या कित्येकांवर ‘आवृत्ती १.५’ असं ठळक छापलेलं असतं. मूळ कंपनीनं १.५ कधी काढलीच नव्हती! एवढी निर्धास्त नक्कल पाहिली की आदरच वाटतो. मी मात्र चार पैसे जास्त टाकून बरा अडॅप्टर घेतला.

खरी गंमत नियमांत आहे. फोर्डच्या या पद्धतीत नवी चावी नुसती जोडता येत नाही. आधी सगळ्या जुन्या चाव्यांची नावं खोडायची, मग निदान दोन चाव्या एकामागून एक हजर करायच्या. दोन झाल्याशिवाय गाडी कोणालाच ओळखत नाही. रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवायला गेलात आणि साहेबांनी आधी सासूचं नाव कापून दोघींनाही नव्यानं रांगेत उभं केलं, तर जसं होईल तसं. साहेब एका परीनं बरोबरही असतात. सांगलीची ती चावी यातच बाद झाली. आता तिनं दार उघडेल, इंजिन नाही.

नावं खोडण्याआधी दहा मिनिटं थांबावं लागतं. परवानगी मागितली की गाडीचा संगणक मुद्दाम वेळ काढतो. चोराकडे दहा मिनिटं नसतात, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब करणारा माणूस आपल्या सोसायटीत कधी राहिलेला नसावा. गाडीचं दार उघडं, मांडीवर लॅपटॉप, स्टिअरिंगखाली गेलेली वायर आणि डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा, एवढं दिसल्यावर आमच्याकडे मालकालासुद्धा दहा मिनिटं एकांत मिळत नाही. आधी वॉचमन आला. माझा चेहरा ओळखूनही त्यानं फ्लॅट नंबर विचारला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लांबूनच निदान केलं, “सेल्फ गेला.” कोणी फ्यूज बघायला सांगितला. एसटीतून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले, “आमच्या गाडीला चावीच नव्हती. बटण दाबायचं, निघायचं.”

दहा मिनिटं संपली. मी ‘खोडा’वर टिचकी मारली आणि त्याच क्षणी फाटकात पाण्याचा टँकर येऊन हॉर्न वाजवू लागला.

“अहो, गाडी जरा मागं घ्या!” काका ओरडले.

गाडी त्या घटकेला जगात कोणालाच ओळखत नव्हती. हे काकांना समजावणं इमोबिलायझर समजावण्याइतकंच अवघड होतं. “थांबा, तिची ओळखपरेड चालू आहे,” असं मी म्हणालो, तेव्हा आजोबांनी खेदानं मान हलवली. जुनी चावी लावली, फिरवली, नोंद झाली. नवी लावली, फिरवली, पडद्यावर दोनचा आकडा आला. इंजिन सुरू झालं, गाडी मागं गेली, टँकर आत आला. जमलेल्या मंडळींनी श्रेय टँकरवाल्याच्या हॉर्नला दिलं.

फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत दोन चालू चाव्या हाताशी असल्या, तर तिसरी जोडायला लॅपटॉपही लागत नाही. दोन्ही एकामागून एक फिरवायच्या आणि लगेच तिसरी लावायची. तेव्हा तुमच्याकडे अजून दोन असतील, तर तिसरी याच महिन्यात करून घ्या. एक उरली, की पार्किंगमध्ये लोक जमतात.