बॅकअपकाका

बॅकअपकाकांना सगळी सोसायटी सावध माणूस समजते आणि काकाही ती समजूत खोडून काढत नाहीत. पण सावध माणूस कामाच्या चार फाइली पेन ड्राइव्हवर घेतो आणि मोकळा होतो. काकांना अख्ख्या हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत लागते, तीही कॉम्प्रेस केलेली. रविवारी जेवणं उरकून घर आडवं झालं की ते बाहेरची डिस्क जोडतात, काळ्या पडद्यावर डीडीची आज्ञा टाइप करतात आणि एंटर दाबण्याआधी 'कुठून' आणि 'कुठे' ही दोन नावं पुन्हा पुन्हा वाचतात. ती उलटी पडली तर कोरी डिस्कच भरलेल्या डिस्कवर उमटते. युनिक्सच्या या जुन्या आज्ञेला जाणकार 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही. मुद्दाम सांगितल्याशिवाय डीडी काम चालू असताना अवाक्षर काढत नाही. पडद्यावर नुसत्या लुकलुकणाऱ्या रेघेसमोर काका दोन-तीन तास प्रसन्न मुद्रेने बसू शकतात. याला सावधपणा म्हणणं मला पटत नाही. काय ठेवावं आणि काय टाकावं हे काकांना ठरवता येत नाही आणि इमेज घेतली की ते ठरवावंच लागत नाही, एवढीच त्यातली गोम आहे.

पुरावा इमेजच्या आकारातच आहे. डीडीला फाइल, फोल्डर असलं काही कळत नाही. ती डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचत जाते. ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबीच मजकूर असला तरी वाचायचे ५०० जीबीच. शिवाय फाइल पुसली की हार्ड डिस्कवर फक्त तिची नोंद जाते, ऐवज दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडून राहतो. म्हणजे घर बदलताना केराची टोपली केरासकट ट्रकमध्ये चढवावी, तसा हा प्रकार. बरं, हा केर आवळला तरी जावा! आवळण्याचं काम करणारं जीझिप पुनरावृत्ती हेरून जागा वाचवतं, त्यामुळे शून्यांची लांबलचक रांग चिमटीत मावते. पण जेपेग फोटो आणि मुंजीचा व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, त्यांच्यातून थेंबही निघत नाही. रिकामी जागा आधी शून्यांनी भरून घ्यावी, किंवा क्लोनझिला वापरावं, ते साधारणपणे भरलेली जागाच उचलतं. काकांना हे सगळं पाठ आहे. "पण नेमकं काहीतरी राहून गेलं म्हणजे?" असं ते विचारतात. काय राहील, हे मात्र त्यांना विचारू नये.

कुणी म्हणेल, फाइली वाचल्या म्हणजे संगणक वाचला असं थोडंच आहे? हा आक्षेप खरा आहे आणि मराठी माणसाला तर चांगलाच लागू पडतो. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेली पत्रिका, स्मरणिका, संस्थेचा अहवाल घ्या. फाइल शाबूत असली तरी तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तिथे फॉन्ट, सॉफ्टवेअर आणि सेटिंगसकट उचललेली इमेजच कामाला येते. इथे काकांना शंभर गुण देऊन टाकतो. पण ते गुण पदरात पडायला इमेज पुन्हा उलगडता आली पाहिजे, आणि काकांनी ती कधीच उलगडून पाहिलेली नाही. "तशी वेळच आली नाही, देवाची कृपा!"

यात ते एकटे नाहीत म्हणा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या एकूण पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नाही, असा शोध लागला. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीवर वेळ निभावली. तिथे पगारी माणसं होती. काका तर हौशी. शिवाय इमेज उलगडून पाहायची तर मूळ डिस्कएवढी तरी मोकळी डिस्क हवी. काकांकडे तशी एक आहे, पण ती आधीच्या इमेजांनी भरली आहे. त्यातली एक, जुन्या संगणकाची, नव्या संगणकातही 'जुना पीसी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि तिच्या पोटात त्याच्याही आधीच्या संगणकाची इमेज आहे. दर रविवारी ही सगळी वंशावळ नव्या इमेजमध्ये शिरते आणि आधीच आवळलेली असल्यामुळे तसूभरही आटत नाही. काकांनी आता ४ टीबीची डिस्क मागवली आहे.