नुसता रॉड

कोल्हापूरचा माणूस म्हटलं की परगावचे लोक आधी त्याच्या दंडाकडे बघतात, आणि माझे दंड बघून झाले की विचारतात, "मूळचे तिथलेच का?" त्यांचं काही चुकत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्त्यांसाठी खासबागेचं अख्खं मैदान बांधलं, जिथल्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, जिथल्या तालमीत घाम गाळून श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, त्याच गावात, त्याच पंचगंगेचं पाणी पिऊन मी बँकेत कारकून झालो. खाशाबांचा वजनगट ५७ किलोचा. मी ८४ भरतो. म्हणजे ऑलिंपिकवीर वजा केला तरी माझ्यात २७ किलो शिल्लक राहतात, आणि ते सगळेच्या सगळे शर्टाच्या तिसऱ्या ते पाचव्या बटणाच्या दरम्यान मुक्कामाला आहेत.

डॉक्टर म्हणाले, "वजनं उचलायचा व्यायाम करा, प्रोटीन वाढवा आणि बाकीचं खाणं कमी करा." या वाक्याला तिसरा भागही होता, हे मला घरी आल्यावर बायकोनं सांगितलं. पहिले दोन मात्र मी अगदी मन लावून ऐकले होते.

तालमीत जावं तर लंगोट आला, आणि कोनाड्यातल्या मारुतीरायानं पिढ्यान्‌पिढ्या एकसे एक पैलवान बघितल्यावर आता उतारवयात मला लंगोटात बघावं हे काही माझ्या मनाला पटेना. म्हणून जिम. तिथला ट्रेनर माझ्या पोराच्या वयाचा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मध्ये थोडा जास्त वेळ थांबला, आणि म्हणाला, "काका, आज वजन नको. नुसता रॉड मारू."

'नुसता' या शब्दावर मी भाळलो. तो सात फुटी लोखंडी रॉड एकही प्लेट न चढवता २० किलोचा असतो, हे मला बाकावर उताणं पडल्यावर, रॉड हातात आल्यावर आणि ट्रेनर कुणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेल्यावर कळलं. खाली तो आपला आपण आला, अगदी विनासायास, आणि छातीवर येऊन विसावला. वर जायची त्याची इच्छा दिसेना. आता करायचं काय, तर शेजारच्या एकाला मी मगाशीच रॉड पोटावरून घरंगळवत मांडीवर घेऊन उठून बसताना पाहिलं होतं, तसा मीही तो हळूहळू खाली ढकलायला लागलो. पण त्या गृहस्थाच्या वाटेत सपाट माळ होता आणि माझ्या वाटेत घाट, त्यामुळं अर्ध्या चढापर्यंत जाऊन रॉड मागं फिरला आणि थेट गळ्याच्या दिशेनं निघाला. शेवटी डंबेल मारत असलेली एक कॉलेजची मुलगी आली, तिनं तो एका बाजूनं उचलून जागेवर ठेवला आणि विचारलं, "काका, दुसरा सेट मारणार?"

मी म्हणालो, "पाणी पिऊन."

ट्रेनरला माझी दया आली असावी, कारण त्यानं मला ग्रीसमधल्या क्रोटनच्या मायलोची गोष्ट सांगितली. (क्रोटन खरं तर इटलीत आहे, ग्रीकांची वसाहत होती, पण ज्याच्या हातात माझा रॉड आहे त्याला भूगोल कुठं शिकवायचा?) या मायलोनं म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेतलं, वासरू वाढत गेलं तशी याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी गडी आख्खा बैल उचलून फिरायला लागला. वजन बेताबेतानं वाढवत नेलं की अंग आपोआप जुळवून घेतं, हे त्यातलं शास्त्र. मला ते पटलं, पण घरी जाता जाता एक शंका आली. लग्नापासून आजवर मीसुद्धा एक ओझं रोज, एकही सुट्टी न घेता, जिने चढताना नि उतरताना वागवतोय, आणि तेही अगदी बेताबेतानं वाढवत नेलंय. त्या हिशेबानं मी एव्हाना मायलो व्हायला हवा होतो. मी बैलच झालो.

आता आहार. साध्या माणसाला किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आयसीएमआर सांगते. पण रॉड मारल्यापासून मी काही साधा माणूस राहिलो नव्हतो. ट्रेनरनं दीड ग्रॅम सांगितलं. ८४ गुणिले दीड म्हणजे १२६ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. म्हणजे रोज २१ अंडी. हा हिशेब मी स्वयंपाकघरात मोठ्यानं मांडला. आई देवाची वात वळत होती. मान वर न करता म्हणाली, "एकवीस मोदक ऐकलेत. एकवीस अंडी कुठल्या देवाला?"

शिवाय आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि आख्खा श्रावण अंड्याला दाराबाहेर ठेवतात. उपासाला साबुदाणा. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाही, पण शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस आहे, तेव्हा मी खिचडीत कूट दुप्पट घालायला लावला आणि कूट जास्त झाला म्हणून खिचडीही थोडी जास्त घेतली.

बँकेतला माणूस असल्यानं मी रीतसर वही घातली. त्या वहीचा मला अजून अभिमान आहे. सकाळी कोपऱ्यावर मिसळ खाल्ली, तर नोंद: 'मोड आलेली मटकी, एक वाटी. सोबत सूप, दोन वेळा.' कटाला सूप म्हणू नये असा काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. रविवारच्या पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, तीळ नि खसखस असतात हे मला ठाऊक आहे, पण मुळात ते मटणाचं पाणी. नोंद: 'मांसाहारी प्रोटीन, पातळ.' रात्री गंगावेशीत जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध, वर फेस आलेलं, उभ्या उभ्या: 'कॅल्शियम.' शिवाय आईनं, पोरगं व्यायाम करतंय म्हणून, बदाम, खारीक आणि तूप सुरू केलेलं. ट्रेनरनं वही चाळली आणि विचारलं, "काका, यातलं बंद काय केलं?"

बंद? जमेच्या पानावर एवढी दाटी झाली होती की नावेचं पान उघडायला सवडच मिळाली नव्हती. जुन्या वस्तादांनी ही व्यवस्था पाहिली असती तर म्हणाले असते, खुराक हिंदकेसरीचा आणि मेहनत खुर्चीवरची.

मेहनतीचंही सांगतो. ट्रेनरनं एका दिवशी माझ्याकडून रॉड खांद्यावर घेऊन बैठका मारून घेतल्या. स्नायूंचं दुखणं मोठं लबाड असतं. व्यायाम करताना ते तोंड उघडत नाही, दुसऱ्या दिवशी नुसतं कुरकुरतं, आणि तुम्ही 'जमलं की आपल्याला' म्हणून गल्लीत छाती काढून फिरायला लागलात की दोन दिवसांनी सगळी फौज घेऊन येतं. माझ्या बाबतीत ते आलं हनुमान जयंतीला, महाप्रसादाच्या पंगतीत.

खाली बसणं जमलं, म्हणजे अर्ध्यापर्यंत मी बसलो आणि पुढचं काम पृथ्वीनं केलं. पोटभर जेवलो. भात, आमटी, वांग्याची भाजी, खपली गव्हाची खीर. पंगत उठली. मी सोडून. मांड्यांना निरोप पाठवला तर तिकडून काही उत्तर येईना. डाव्या हातावर भार दिला, उजव्यावर दिला, शेजारचा खांब धरायला गेलो तो चार बोटं लांब राहिला. तेवढ्यात मंडळाच्या पोरांनी माझी पत्रावळ उचलली, समोर पाणी शिंपडलं आणि दुसरी मांडली. आजूबाजूला नवी माणसं बसली. वाढपी आला, माझ्याकडे बघून थबकला, मग आदरानं म्हणाला, "काका, खीर जमली वाटतं!" आता भर मंडपात, मारुतीरायासमोर, 'बाळ, माझे पाय गेलेत' असं कसं सांगणार? मी पत्रावळ पुढं केली. पानात वाढलेलं टाकायचं नाही हे आईचं वळण, त्यामुळं दुसरीही पंगत मी रीतसर जेवलो, आणि तिसरी मांडायला लागले तेव्हा लाज गुंडाळून दोन पोरांना हाक मारली. त्यांनी काखेत हात घालून मला उभा केला. एक जण पाठ धरून बसला. ती पोरं रोज जिमला येतात, पण पंगतीनंतरचं वजन त्यांनी कधी उचललं नव्हतं.

वहीत मी लिहिलं: 'गव्हाची खीर, फायबर.'

महिनाअखेरीला काट्यावर उभा राहिलो. काटा ८६ वर जाऊन थांबला. ट्रेनर कनवाळू पोरगा. म्हणाला, "मसल असेल काका." माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्याच दुपारी मी हातमोजे आणि कमरेचा पट्टा विकत घेतला.

ते घालून बघत आरशासमोर उभा होतो तेवढ्यात गॅसवाला आला. १४.२ किलो गॅस आणि वर लोखंड, मिळून तीसेक किलोचं ते सिलिंडर खांद्यावर टाकून, पायात झिजलेली चप्पल घालून, तो दोन-दोन पायऱ्या चढत आला, माझ्या पट्ट्याकडे बघितलं, "कंबर धरली का काका?" म्हणाला, पैसे घेतले आणि शीळ घालत उतरला. सिलिंडर दारातच.

"अहो," आतून बायको म्हणाली, "जरा एवढं आत आणता का?"

मी हातमोजे नीट केले. "आज हातांना विश्रांती असते. आज पायांचा दिवस."

"मग पायानं ढकला."