धावपट्टी आहे, वेळापत्रक कुठाय?

विमानतळ आला की शहर वाढणारच, हे आपल्याला इतक्या वेळा सांगितलं गेलंय की आता आपणही ते विचार न करता बोलतो. बिरसीकडे बघा. गोंदियाजवळचं हे गाव 1 मे 1999 पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. इंग्रजांनी 1940 मध्ये, महायुद्धाच्या गरजेपोटी तिथे धावपट्टी बांधली. त्या पट्टीवरून सामान्य माणूस तिकीट काढून उडाला तो 13 मार्च 2022 ला. मधली ब्याऐंशी वर्षं धावपट्टी होती, प्रवासी नव्हता.

आधी ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. 1998 मध्ये एमआयडीसीकडे आली आणि 2005 च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाने ताब्यात घेतली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल 2004 ते 2011 नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री होते. त्या काळात बिरसीचं रूप पालटलं. पट्टी सव्वादोन किलोमीटरच्या पुढे गेली, वैमानिक घडवणारी संस्था आली. आजही खाली बांधीत रोवणी चाललेली असते आणि वर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. पट्टीवर चाकं टेकवायची, न थांबता पुन्हा उडायचं, फेरी मारून परत यायचं. शिकण्याची रीतच ती. पण त्या विमानात बसणारी किती मुलं शेजारच्या कामठा-परसवाड्याची असतात? लाखोंची फी ऐकूनच धानवाल्याचा मुलगा मागे फिरतो. डोक्यावर रोज विमान उडतं आणि ते चालवण्याचं स्वप्न मात्र बाहेरच्यांनी बघायचं, हा अन्याय आहे. पट्टीसाठी ज्या गावांची शेती गेली, त्या गावांतल्या मुलांसाठी दरवर्षी काही जागा सरकारी खर्चाने राखून ठेवायलाच हव्यात.

शेती गेली त्यांचं म्हणाल, तर बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागली, उपोषणाला बसावं लागलं. टर्मिनल आधी चकचकीत होतं आणि घर गेलेल्याचा प्लॉट फाइलीत अडकतो. हा क्रम उलटा करा. पहिल्या प्रवाशाच्या हाती बोर्डिंग पास पडण्याआधी शेवटच्या विस्थापिताच्या हाती सातबारा पडला पाहिजे.

आता शहर कसं घडतं ते बघू. गोंदिया शहर विमानाने घडलेलं नाही, रेल्वेने घडलं. हावडा-मुंबईची मुख्य लाइन, सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या राइस मिल. व्यापाऱ्याला ठाऊक होतं की गाडी उद्या येणार, परवा येणार, पुढच्या वर्षीही येणार. त्या भरवशावर त्याने गोदाम बांधलं, हमालाने जवळपास घर केलं, बाजार भरला. भंडाऱ्याचं उदाहरण याच्या उलट. आपलं स्टेशन शहराबाहेर वरठीला, म्हणून कारखानाही वरठीकडे गेला.

बिरसीला असा भरवसा कधी मिळाला? 2022 मध्ये फ्लायबिगची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोने गोंदियाला हैदराबादमार्गे तिरुपतीशी जोडलं. अशा छोट्या विमानतळांसाठी असलेल्या केंद्राच्या उडान योजनेत विमान कंपनीचा तोटा भरून काढायला सरकार पैसे देतं, पण साधारण तीन वर्षंच. छोट्या कंपनीकडे विमानं मोजकीच, त्यातलं एक जरी दुरुस्तीला गेलं तरी अख्खा मार्ग बंद. अशा वेळापत्रकावर कोण हॉटेल काढणार? कोण गोदाम बांधणार?

वेळापत्रकाची ताकद काय असते ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला विचारा. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतायची. देशाची हवाई टपालव्यवस्था नागपूरच्या त्या ठरलेल्या वेळेवर चालली. पुढे 2002 मध्ये या विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पासाठी कंपनी स्थापन झाली आणि आज त्या परिसरात विमान दुरुस्ती केंद्र, आयटी कंपन्या, एम्स आहे. त्यासाठी शिवणगाव, खापरीच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, हेही त्याच दमात सांगायला हवं.

म्हणून भंडारेकरांनी आपल्यासाठी वेगळी धावपट्टी मागू नये. पूर्वेला बिरसी आहे, पश्चिमेला सोनेगाव. मागायचंच असेल तर चार गोष्टी मागा. विमानांच्या वेळा बघून भंडारा, तुमसर, साकोलीहून सुटणारी एसटी. बिरसीच्या मार्गाला तीन वर्षांऐवजी दहा वर्षांची हमी. प्रकल्पग्रस्तांचा हिशेब चुकता. आणि वैमानिक प्रशिक्षणात पूर्व विदर्भाच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती. येत्या निवडणुकीत जो उमेदवार विमानतळाचं नाव घेईल, त्याला या चारांची तारीख विचारा. तारीख देणार नसेल, तर मतही देऊ नका.