वरातीमागून धनादेश

होतकरू पण गरजू तरुण कलाकारांना स्टुडिओत जाऊन शिकता यावं, यासाठी अर्थसाहाय्याच्या ज्या योजना निघतात, त्यांच्या अर्जाचं शेवटचं पान सावकाश वाचावं. तिथे सोबत जोडायच्या कागदांची यादी असते. पहिला कागद तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, म्हणजे अर्जदाराच्या घरी पैसे नाहीत याचा पुरावा. शेवटचा कागद संपूर्ण शुल्क भरल्याची मूळ पावती, म्हणजे अर्जदाराच्या घरी पैसे होते याचा पुरावा. दोन्ही एकाच टाचणीने जोडायचे. ज्याच्याकडे फक्त पहिला कागद आहे तो अपात्र, आणि ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याच्या पहिल्या कागदाची खरं तर चौकशी व्हायला हवी. तरीही ‘अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर प्रतिपूर्ती’ हे वाक्य दरवर्षी नव्याने टंकलिखित होतं आणि ते टंकणाऱ्याचा हात एकदाही अडखळत नाही.

एवढंच आहे तर पोरांनी घरीच शिकावं, असं म्हणणारे आहेतच. शिकावं की! एचिंग करायचं तर जस्ताचा पत्रा आम्लात सोडावा लागतो, त्याच्या वाफा बाहेर काढण्याची सोय लागते, आणि शाई भरलेला पत्रा ओल्या कागदासह दाबून काढायला लोखंडी रुळांचा जडशीळ प्रेस लागतो. स्टोनवेअरची भट्टी 1200 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत, ओट्यावर कुकर चढवलेला असताना, हे कुठे करायचं तेवढं योजनाकारांनी सांगावं. शिवाय पावतीही साधी चालत नाही, तिच्यावर जीएसटी क्रमांक हवा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात एरवी त्याला ही नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही. भाड्याच्या गाळ्यात एक प्रेस टाकून पाच-सहा मुलांना शिकवणारा मुद्राचित्रकार 20 लाखांची उलाढाल कुठून आणणार? कायद्याने त्याला सोडलं, योजनेने धरलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की पैसा लोकांचा आहे, आगाऊ देण्याची पद्धत नाही. पद्धत नाही? सरकारी कर्मचाऱ्याला सण अग्रिम मिळतो, दौऱ्याला निघताना प्रवास अग्रिम मिळतो, मोठ्या कामांच्या कंत्राटदाराला यंत्रसामग्री हलवायलाही अग्रिम मिळतो. आणि याच योजनेच्या धनादेश वितरण समारंभाचं काय? मांडववाल्याला बयाणा दिल्याशिवाय तो बांबू उतरवत नाही. साउंडवाला आधी पैसे घेतो, मग ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, अल्पोपाहार, सगळं आगाऊ. फ्लेक्सवाला तर निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय मान्यवरांचा फोटो मशीनला लावत नाही. ‘कार्यक्रम पार पडू द्या, फ्लेक्सची मूळ पावती तीन प्रतींत जोडा, मग बघू’ असं त्याला कुणी सुनावल्याचं ऐकिवात नाही. त्याच्यावर पूर्ण विश्वास. अविश्वास फक्त त्या मुलावर, जो छपाईचीच कला शिकायला निघाला होता आणि जो त्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात, ‘व इतर लाभार्थी’ या शब्दांत मावला आहे. लाज वाटावी असा हा हिशेब आहे. शुल्कापायी पतपेढीचं कर्ज काढलेल्या मुलाच्या मदतीतला पहिला वाटा व्याजात जातो, आणि ज्याला कर्जही मिळालं नाही तो समारंभात नसतोच. म्हणून समारंभ नेहमी छान होतो.

मुलगा पैसे घेऊन पळाला तर, ही शंका मात्र रास्त आहे. तिच्यावरचा उपाय त्याहून सोपा आहे. पैसे मुलाच्या हातात देऊच नका, थेट स्टुडिओच्या खात्यात भरा. निम्मे प्रवेशाच्या वेळी आणि उरलेले हजेरीपट पाहून. मध्येच कुणी सोडून गेला तर दुसरा हप्ता वाचतो, आणि पहिल्याचा हिशेब स्टुडिओ देतो. लेखापरीक्षकाला पावती हवी असेल तर ती स्टुडिओकडून साध्या कागदावर घ्या. यासाठी नवा निधी लागत नाही, समिती नेमावी लागत नाही, अर्जातली एक ओळ खोडावी लागते. ती खोडत नाही तोवर जाहिरातीतून ‘गरजू’ हा शब्द तरी काढा. ज्यांना परवडतं त्यांना पैसे परत करण्याची ही योजना आहे, आणि ती त्याच नावाने चालवावी.