मुंबई–पुणे हवाई अंतर यांस अनावृत पत्र

मा. हवाई अंतर महोदय,
स. न. वि. वि.

सांताक्रूझपासून लोहगावपर्यंत आपण जेमतेम सव्वाशे किलोमीटर. हवेत अर्धा तास. १९३० पासून घाट चढणाऱ्या डेक्कन क्वीनला १९२ किलोमीटरसाठी अजूनही तीन तासांवर लागतात, हे पाहून आपल्याला तिची कीव येत असेल. थेट विमान चालू असो वा बंद, आपला थाट कायम. म्हणून म्हटलं, जरा हिशेबाला बसावं.

नकाशावर आपण सरळ रेष आहात. विमानाला मात्र वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं आणि मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो. त्यामुळे पुण्याला निघालेलं विमान आधी पश्चिमेला झेपावतं, अरबी समुद्राचं दर्शन घेतं आणि मग वळसा घालून सह्याद्रीकडे येतं. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, तिथे पहिला मान त्यांचा. वेळापत्रकवाले व्यवहारी, ते चाकांपुढची पाचर काढल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा वेळ धरतात आणि आपल्या अर्ध्या तासाचा तास करून छापतात. माणूस घरातून निघतो, हे मात्र त्यांच्याही खिजगणतीत नाही.

आता डोंबिवलीचं एक कुटुंब घ्या. कोथरूडला बारसं आहे. विमानाने जायचं तर आधी पुण्याकडे पाठ फिरवून अंधेरी गाठायची, तीही दोन तास आधी. मग पट्टा काढा, लॅपटॉप काढा, रांग धरा. एवढ्यात यंत्राच्या पडद्यावर आजींच्या ओटीच्या सामानातली सुक्या खोबऱ्याची वाटी दिसते आणि बॅग बाजूला जाते. खोबऱ्यात तेल, तेल ज्वलनशील, सबब खोबरं वर्ज्य. आजी त्या जवानाला बाळाचं नाव काय ठेवणार तेही सांगून टाकतात, पण वाटी तिथेच राहते. पलीकडे उतरल्यावर एरोमॉलपर्यंत चाला, टॅक्सी शोधा, विमाननगरचे सिग्नल मोजा आणि सबंध पुणं ओलांडून कोथरूडला पोचा. तोवर पाळणा म्हणून झालेला असतो.

बरं, आपण तरी एका जागी स्थिर आहात का? ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि उलव्याहून मोजल्यास आपण लगेच आखूड झालात. बोरिवलीकराला मात्र उलवे गाठताना आपण वाढल्यासारखेच वाटाल. तिकडे पुरंदरला विमानतळ व्हायचं घाटतंय. तसं झालं तर पुण्याचं टोक आणखी पुढे सरकेल. या सगळ्या उलाढालीत डोंबिवली आणि कोथरूड तसूभरही हललेली नाहीत. आपण दोन धावपट्ट्यांमधलं अंतर आहात, दोन शहरांमधलं नव्हे. शहरांची नावं आपण उगाच मिरवता.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे स्वतःची ओळख करून देताना ‘उंबरठा ते उंबरठा’ असा आणखी एक रकाना जोडावा. आकडा मोठा होईल, पण त्यात माणसं मावतील.

बारशाचं आमंत्रण आपल्यालाही आहे. आम्ही कल्याणहून पहाटेची इंद्रायणी धरतोय, खोबऱ्यासकट. आपण हवेतून या. नाव ठेवायला उशीर झाला, तरी जेवणाची शेवटची पंगत बहुधा मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक डोंबिवलीकर