नागपूरला जाऊन ठरवू

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत आलं की हायवेकाका घसा साफ करतात. नवख्यांना वाटतं, केशराची काडी अडकली असेल. आम्हा जुन्यांना ठाऊक असतं.

"यंदा नक्की," काका म्हणतात. "तुळशीचं लग्न लागलं की निघायचं. गाडीनं. मागे ट्रेलर."

गेल्या सहा कोजागिऱ्या हे वाक्य आम्ही ऐकतोय. त्यात फक्त गावाचं नाव बदलतं. पहिल्या वर्षी लेह होतं. मनालीहून तिकडे जाणारा रस्ता दिवाळीनंतर बर्फाखाली जातो, हे काकांना भाऊबीजेच्या दिवशी कळलं. ओवाळून घेताना त्यांचा चेहरा इतका पडला होता की बहिणीला वाटलं, ओवाळणी जड गेली.

हायवेकाका हे अर्थात टोपणनाव. ठाण्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असा एक तरी असतो. आमचे काका कोलशेत रोडवरच्याच एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिफ्ट सांभाळून निवृत्त झाले. कारखाने गेले, त्या जागांवर टॉवर आले, आणि काका त्यातल्या एकाच्या अठराव्या मजल्यावर राहायला आले. म्हणजे आयुष्यभरातलं त्यांचं स्थलांतर दीड किलोमीटर आडवं आणि अठरा मजले उभं. अशा माणसाला देश बघावासा वाटला तर नवल नाही. नवल एवढंच, की त्यांना तो आधी लिहून काढावासा वाटतो.

त्यासाठी एक लाँगबुक आहे. लाल कापडी पुठ्ठ्याचं, कारखान्यातून आणलेलं. पहिल्या रकान्यात पूर्वी बॉयलरचं तापमान लिहीत, तिथे आता टोलनाका येतो. लोक आपली साखर सांगतात तसे काका बोगदे सांगतात. "चेनानी-नाशरी ९.२, बनिहाल-काझीगुंड ८.४५." लिफ्टमध्ये गाठ पडली तर अठराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जम्मू ते श्रीनगर होऊन जातं, आणि पार्किंगपर्यंत जायचं असेल तर अटल बोगदाही.

खरी अडचण ऋतूची आहे. शरद संपता संपता निघावं, हा काकांचा हट्ट. उन्हाळ्यात टायर तापतात, पावसाळ्यात घाट कोसळतात, म्हणजे उरला कार्तिक. आता कार्तिकात उत्तरेला जावं तर पंजाबात पराली जळत असते, दिल्लीत हवा बिघडते, आणि हवा बिघडली की तिथे बीएस-४ डिझेल गाड्यांना मज्जाव होतो. काकांची गाडी नेमकी तीच. "धूर त्यांच्या शेतातला आणि शिक्षा माझ्या गाडीला," असं ते दर वर्षी एकदा म्हणतात. दिल्लीला वळसा घालून पुढे जावं तर धुकं. बरं, दक्षिणेला वळावं तर आपला पाऊस आटोपतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई कशी बुडाली, याचं कात्रण लाँगबुकात चिकटवलेलं आहे. पूर्वेला ओडिशा, तर तिथे वादळं. त्या पानावर लाल शाईत '२९ ऑक्टोबर १९९९' एवढंच लिहिलंय, महाचक्रीवादळाची तारीख. आणि पश्चिमेला फाउंटन हॉटेल. तिथवर घोडबंदर रोडनं जावं लागतं, त्यामुळे ती दिशा काकांनी वादळांच्याही आधी बाद केली.

या चारी बाजूंच्या कोंडीतून काकांना २०२५ च्या जूनमध्ये वाट सापडली. ५ जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट आमच्या भिवंडीच्या दारात आला. त्या रात्री काका खाली वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. युक्ती अशी: आमण्याहून सरळ नागपूर. नागपुरातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, श्रीनगर ते कन्याकुमारी. तिथे झीरो माइलच्या दगडापाशी उभं राहायचं, आभाळाकडे बघायचं, मोबाइलवर धुकं आणि पाऊस दोन्ही बघायचं. धुकं कमी असेल तर डावीकडे काश्मीर, पाऊस कमी असेल तर उजवीकडे कन्याकुमारी.

"पण काका, हॉटेलांचं बुकिंग?"

"म्हणून तर ट्रेलर!"

आता ट्रेलर या शब्दाबद्दल. ठाण्यात ट्रेलर म्हटलं की उरणच्या बंदरातून येणारा चाळीस फुटी कंटेनर डोळ्यांपुढे येतो, किंवा सिनेमाचा. काकांच्या मनात होती ती गाडीमागे हुकाला अडकवून न्यायची दोन चाकांची खोली. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात उभी होती. ती बनवून घ्यायला ते वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले. मी सोबत होतो.

"ऊस का कांदा?" त्यानं विचारलं.

"आम्ही."

"तुमी काय?"

"आम्ही झोपणार त्यात."

त्यानं वेल्डिंगची जाळी डोळ्यांवरून वर केली. माणूस बीडचा निघाला. म्हणाला, झोपायला ट्रॉली आमच्यासाठी नवी नाही. दसरा-दिवाळी झाली की त्याच्या गावची माणसं ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून, चूल, कोंबड्या, शेळी, पोरं, सगळा संसार भरून उसाच्या कारखान्याला निघतात, ते उन्हाळ्यापर्यंत.

काकांचे डोळे चमकले. "प्लॅन कोण करतं त्यांचा?"

"मुकादम. उचल देतो आन् तारीख सांगतो."

काकांनी लाँगबुकात लिहिलं: 'मुकादम?' घरी काकूंनी ते वाचलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: 'उचल मला द्या. मी तारीख सांगते.'

शेवटी खोलीचं बजेट बसलं नाही. सामानाचा छोटा ट्रेलर आणि वर उघडणारा तंबू, यावर तडजोड झाली. तो सोसायटीत आला आणि नवाच प्रश्न उभा राहिला. सेक्रेटरींनी दुसऱ्या गाडीचं पार्किंग लावलं. काका म्हणाले, ज्याला इंजिनच नाही ते वाहन कसलं? सेक्रेटरींनी १९८८ चा मोटार वाहन कायदा काढला: ट्रेलर हेही वाहनच, म्हणून तर त्याची वेगळी नोंदणी आणि त्याला वेगळा नंबर. काका हरले. पण हरताना एमएच-०४ ची नवी पाटी त्यांनी अशा काही प्रेमानं पुसली, की नातवाला शाळेचं ओळखपत्र मिळाल्यासारखं वाटलं.

सभेत कोणी तरी म्हणालं, कशाला ही नसती शेपटी? काका उठले. "१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून याच ठाण्यात पहिली आगगाडी आली, तेव्हा तीन इंजिनांमागे चौदा डबे होते. मी एका इंजिनाला एक डबा लावतोय, तर तुम्हाला जड होतंय?" यावर उत्तर नव्हतं. ठराव 'तूर्त विचाराधीन' ठेवला गेला.

मग तयारी. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा, नाही तर वेगात तो शेपूट हलवतो. त्यामुळे घरातला वजनकाटा पार्किंगमध्ये आला, त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवलं गेलं, आणि काका वरून इंटरकॉमवर डबे मागवू लागले. चकलीचा डबा पुढे, लाडवांचा मागे. काटा हलला की लाडू पुढे. खालची पोरं वजन बरोबर यावं म्हणून मधूनमधून लाडू कमी करत होती. काकू गेली सहा वर्षं प्रवासाचा म्हणून वेगळा फराळ करतात, आणि मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत तो घरातच संपतो. त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. फक्त म्हणतात, "अहो, तिखट किती घालू तेवढं सांगा. थंडीत जायचंय का पावसात?"

समृद्धीवरच्या सरळ रस्त्यावर झापड येते, असं काकांनी वाचलं होतं. त्यावर उपाय म्हणून लाँगबुकात दर तासाला एक भांडण नेमलं आहे. 'सिंदखेडराजा: तुझ्या भावाचं लग्न. कारंजा लाड: भिशी.' मी म्हटलं, विषय चांगले आहेत, पण आमण्यापर्यंत झोप आली तर? काका म्हणाले, आमण्यापर्यंत कसली झोप? बाळकुम आहे ना.

रिव्हर्स मात्र जमेना. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. काका खांबावर, मग भिंतीवर, मग सेक्रेटरींच्या स्कूटरवर गेले. काकूंना मात्र ही गोष्ट एका फटक्यात कळली. "मला सवय आहे. यांना डावीकडे सांगितलं की हे उजवीकडेच जातात." काकांनी लाँगबुकात नोंद केली: 'परतीचा मार्ग गोल असावा.'

अखेर त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी चाचणी ठरली. कोलशेत ते आमणे आणि परत. पहाटे चार वाजता. मी मागच्या सीटवर, हातात लाँगबुक. अख्खी बिल्डिंग नारळ घेऊन खाली. बावीस अंशांत सगळ्यांना मफलर.

चारची वेळ काकांनी गर्दी टाळायला निवडली होती. पण दिवसा अवजड वाहनांना शहरात अडवतात, म्हणून ती सगळी रात्री सुटतात, हे त्यांच्या हिशेबातून निसटलं होतं. कोलशेत रोड पाच मिनिटांत संपला आणि बाळकुम नाक्याला समोर कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे. आमची हॅचबॅक आणि तिचं पिल्लू मध्ये. ट्रॅफिक हवालदारानं टॉर्च आमच्या तोंडावर मारला, मग मागे मारला. ट्रेलर आहे म्हटल्यावर त्यानं निर्विकारपणे आम्हाला अवजडच्या रांगेत घातलं.

"बघा," काका अभिमानानं म्हणाले, "मान दिला."

त्या मानानं आम्ही कशेळीच्या पुलावर पावणेसहाला पोचलो. पुलाखाली भरतीचं पाणी. काका स्टिअरिंगवर बोटांनी टकटक करत होते. सिंदखेडराजाचं भांडण काकूंनी इथेच उरकून घेतलं. पूल उतरल्यावर पुढचा कंटेनर डावीकडे वळला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि थांबायला जागा नाही, मागे यायला जमत नाही, अशा अवस्थेत आमची वरात त्याच्या मागोमाग काल्हेरच्या एका गोदामाच्या फाटकात शिरली. दारावरच्या माणसानं झोपेतच वही पुढे केली. "माल?"

"चकली," काकू म्हणाल्या.

त्यानं लिहिलं.

आवार मोठं होतं, पण वळायचं म्हटलं तर मागे घेणं आलंच. काकांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा गाडी आणि ट्रेलर एकमेकांशी अबोला धरल्यासारखे काटकोनात उभे राहिले. तेव्हा पुढच्या कंटेनरचा सरदारजी ड्रायव्हर खाली उतरला, काकांकडे हात पुढे करून किल्ली मागितली आणि चहाचा कप खाली न ठेवता दोन हिसक्यांत ट्रेलर सरळ करून दिला. चाळीस फूट मागे घेणाऱ्याला आमचे सहा फूट म्हणजे ढकलगाडी.

मग आम्ही घडीच्या खुर्च्या काढल्या. उजाडत होतं. समोर खाडी, आणि खाडीपलीकडे अगदी समोर आमचाच टॉवर. अठराव्या मजल्यावर काढायचा राहिलेला आकाशकंदील.

"दिवा चालूच राहिला बघा," काकू म्हणाल्या.

काका खाडीकडे बघत होते. कोलशेत-काल्हेर पूल व्हायचा आहे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक आराखड्याच्या सुरुवातीला दोन रकाने असतात: 'पुलाआधी' आणि 'पुलानंतर'. "पूल झाला की इथवर पाच मिनिटं," ते हळूच म्हणाले. कोणी काही बोललं नाही. सरदारजीनं चकलीचा तुकडा मोडला.

तो लुधियान्याला निघाला होता. काकांनी विचारलं, प्लॅन काय? त्यानं खिशातून गोदामाची चिठ्ठी काढून दाखवली. मागच्या बाजूला एक फोन नंबर. बस. काकांना ते बघवेना. त्यांनी माझ्या हातून लाँगबुक घेतलं, उत्तरेच्या विभागातून एक पान पट्टी लावून फाडलं (सहा वर्षांत पहिल्यांदा) आणि त्याला दिलं. मुरथळ ते अंबाला: धुक्याच्या वेळा, पहाटे कुठे थांबावं, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर भरवसा का ठेवू नये, मुरथळला पराठे कोणत्या वेळी खावेत म्हणजे पुढे झोप येणार नाही. सगळं मराठीत. सरदारजीला त्यातलं अक्षर कळलं नसावं, पण त्यानं ते घडी घालून डोक्यावरच्या झडपेत खोचलं. नंतर काकांनी प्रत्येक ओळ त्याला हिंदीत समजावली. पाऊण तास. गोदामवाला दोनदा ओरडून गेला.

आम्ही साडेआठला घरी आलो. नारळ फोडलेल्या जागी पोरं क्रिकेट खेळत होती. सेक्रेटरींनी विचारलं, "आमणे कसं आहे?" काका म्हणाले, "रस्ता उत्तम." ते खोटं नव्हतं. त्यांनी समृद्धीचं फक्त नाव घेतलं नाही एवढंच.

चार दिवसांनी रात्री अकराला भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. मोठ्यानं बोलत होते. काही बरंवाईट तर नाही म्हणून मी गेलो. काकूंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं. आत दिवाणखान्यात जमिनीवर नकाशा पसरलेला, लाँगबुक उघडं, काका गुडघ्यांवर. फोन स्पीकरवर. पलीकडून ट्रकचा धडधडाट आणि सरदारजी.

"अंकलजी, अंबाला आ गया. अगला पन्ना?"

काकांनी पान उलटलं, चष्मा वर सारला आणि माझ्याकडे न बघता हातानं खूण केली, की बस.

"लिहून घे," ते मला म्हणाले, "अंबाला, अकरा वाजून दहा. आपण वेळेच्या पुढे आहोत."