गच्चीवरचा गळीत हंगाम

साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या केमिस्टकडे जमीन नसते, पण हंगाम असतो. तो काही केल्या अंगातून जात नाही. दसरा सरला की बॉयलर पेटायचे दिवस आले म्हणून त्याला घरात बसवत नाही. मध्यरात्री पाळी बदलायच्या वेळेला जाग येते, आणि भोंगा झाला की पाय आपोआप चपला शोधू लागतात. बायको कूस बदलून म्हणते, "अहो, झोपा आता. तुमची पाळी संपून किती वर्षं झाली!"

श्रीपुरात अशी माणसं गल्लीगणिक भेटतात, कारण गावाची ओळखच साखरेची. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि माळशिरस तालुक्यातलं हे नाव साखरेच्या पोत्यांबरोबर बाहेर गेलं. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचा पत्ताही श्रीपूरच झाला. जवळ माळीनगर, पुढे अकलूज. बसच्या दोन्ही खिडक्यांतून ऊसच दिसतो. अशा मुलखात नवा माणूस भेटला की नाव, गाव आणि मग तिसरा प्रश्न ठरलेला: "किती एकर?" केमिस्ट म्हणतो, "एम.एस्सी. आहे, लॅबमध्ये होतो." समोरचा म्हणतो, "आस्सं आस्सं," आणि शेजारच्याकडे वळतो. जन्मभर दुसऱ्याच्या उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचं माप, काढला, स्वतःचं एक कांडं नाही, हे शल्य मोठं असतं. पेन्शन तुटपुंजी असते त्याचं एवढं वाटत नाही.

या शल्यातून जी जात निर्माण झाली, तिला मी गच्चीवरचे बागायतदार म्हणतो. त्यांतला आमच्या गल्लीतला नमुना अव्वल आहे. त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात, म्हणून आपणही साहेबच म्हणू.

साहेबांचं क्षेत्र म्हणजे गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्याला लागून मांडलेले रंगाचे डबे, आणि डब्यांत टोमॅटो. घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याने रिकामे डबे नेऊ का म्हणून विचारलं, तर साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा मजुरी कमी घेऊन गेला. एक डबा दुसऱ्यात बसवायचा. खालच्यात पाणी, वरच्यात माती, आणि वरच्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून वात खाली सोडायची. पाणी वातीतून चढतं आणि मुळाला हवं तेवढं मिळतं. कडेने एक पाइप उभा, त्यातून टाकी भरायची. टाकीच्या कडेला, वरच्या डब्याच्या बुडाखाली, आणखी एक भोक, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडेल आणि मुळांचा श्वास कोंडणार नाही. इतकं साधं प्रकरण आहे. पण साहेब ते समजावून सांगायला लागले की केशाकर्षणापासून सुरुवात करतात आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

वातीवरून त्या घरात जे झालं ते मात्र साधं नव्हतं. पहिल्या वर्षी साहेबांनी सुती वात घातली. सुती वात ओलाव्यात दोन-तीन महिन्यांत कुजते. ऐन फळाच्या वेळी पाणी चढायचं थांबलं. नायलॉन कुजत नाही, हा शोध लागला त्या संध्याकाळी वहिनींना लग्नाला जायचं होतं आणि घरातल्या एकाही परकराला नाडी नव्हती. वहिनी गच्चीत गेल्या, एकेका डब्यात डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "माझी निळी कुठल्या झाडाला गेली तेवढं सांगा." साहेब रजिस्टर पाहून म्हणाले, "चार नंबर."

हो, रजिस्टर आहे. लांबट, लाल कापडी पाठीचं, कारखान्यात असतं तसंच. लागण तारीख, जात, नोंद क्रमांक, तोडणी, ब्रिक्स, उतारा. प्रत्येक झाडाची रीतसर नोंद होते आणि नोंदीच्या क्रमानेच तोड मिळते. सात नंबरचं फळ आधी पिकलं तरी त्याने थांबायचं. मधे वशिला चालत नाही. "कारखान्यात चालायचा, इथं नाही," असं साहेब म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज जरा चढतो.

मातीच्या बाबतीत साहेबांनी गावाचा मोठा अपमान केला आहे. आमची काळी कसदार जमीन, जिच्यावर ऊस डुलतो, ती त्यांच्या डब्यात चालत नाही. ती ओली झाली की फुगते, चिकट होऊन हवा कोंडते, सुकली की भेगाळते. म्हणून कोकोपीट, गांडूळखत आणि चांगला कुजलेला प्रेसमड, म्हणजे कारखान्यात रसातून निघणारा गाळ, असं मिश्रण. गल्लीतले एक खरे बागायतदार, वीस एकरवाले, एकदा डबा हातावर तोलून म्हणाले, "सायेब, ह्यात मातीच न्हाय की वो!" साहेब म्हणाले, "बरोबर." वीस एकरवाल्यांनी डबा खाली ठेवला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

जातही अशीतशी नाही. 'मायक्रो टॉम' हा वाण फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ साली जाहीर केला. झाड वीतभर उंच, फळं बोराएवढी, काठी नको, बांधणी नको. मुळात तो खिडकीत ठेवायची शोभा म्हणून काढला होता; पण बियांपासून पिकलेल्या फळापर्यंत तीनेक महिन्यांत चक्र पुरं होतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी तो उचलला. प्रयोगशाळा हा शब्द ऐकल्यावर साहेब दुसऱ्या कुठल्या वाणाकडे बघणार? आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'धनश्री', 'भाग्यश्री' हे चांगले वाण आहेत, पण ते शेतातले. "शेतकऱ्यांनी लावावेत," साहेब मोठ्या मनाने परवानगी देतात.

वीस एकरवाल्यांनी मात्र ते वीतभर झाड बघून विचारलं होतं, "ह्ये रोप हाय, लावायचं कधी?" साहेबांनी सांगितलं, हे पूर्ण वाढलेलं पीक आहे. त्यानंतर दोघे आठवडाभर बोलत नव्हते.

टोमॅटोच्या फुलाला परागकण सुटायला थरथर लागते. शेतात वारा असतो, भुंगे असतात. आपल्याकडचे भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात आणि काम होतं. गच्चीवर भुंगे मर्जीने येतात, म्हणून साहेब सुनेने पाठवलेला बॅटरीचा टूथब्रश घेऊन सकाळी नऊ वाजता प्रत्येक घोसाच्या देठाला लावतात. घर्र घर्र आवाज गल्लीभर जातो. शाळेला निघालेली पोरं खालून ओरडतात, "साहेब टोमॅटोचे दात घासायला लागले!" साहेब त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. स्वतःचे दात ते अजून राखुंडीनेच घासतात.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं बंद. चाळिशीपार उन्हात फुलं फळ न धरता गळून पडतात. वर हिरवी जाळी बांधा नाहीतर तंबू. म्हणून साहेबांची लागण गणपतीच्या सुमारास, आणि तोडणी नेमकी गळीत हंगामात. हा योगायोग नाही हे सांगायला नको. पहिलं फळ तोडायच्या दिवशी नारळ फोडतात, झाडाला हळदकुंकू वाहतात, आणि गव्हाणीत मोळी टाकावी तसा तो बोराएवढा टोमॅटो दोन्ही हातांनी ताटलीत ठेवतात. वहिनींच्या मते नारळ टोमॅटोपेक्षा महाग पडतो.

मग ब्रिक्स. निवृत्तीच्या सत्कारात शाल-श्रीफळ मिळालं ते कुठे आहे साहेबांना ठाऊक नाही, पण स्वतःच्या पैशाने घेतलेला ब्रिक्समीटर देवघरात असतो. थेंब काचेवर, डोळा उजेडाकडे. साधा टोमॅटो चार-पाच दाखवतो, चेरी जातीचा चांगला पिकला तर सात-आठ. साहेबांना एकदा सात मिळाला. आनंदायला हवं होतं. पण अठरा-वीस बघितलेला डोळा तो. "ऊस असता तर तोड दिली नसती," म्हणाले आणि खाऊन टाकला.

आता पाण्याचं. इथे मात्र मी साहेबांच्या बाजूचा आहे. आमच्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ऊस मागतो दोन हजारांच्या वर. मधली तूट नीरा उजवा कालवा आणि बोअर यांनी भरून काढायची. पाळी आली की दारं फोडून रात्रभर पाणी सोडून द्यायचं आणि बांधावर झोपायचं, ही बागायतीची जुनी थाटाची रीत. आणि हे गृहस्थ टाकीत काल किती घातलं, आज किती उरलं, हे मापी भांड्याने मोजतात! वीस एकरवाले याला भिकारपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. टोमॅटोला कधी कोरड, कधी पूर असं झालं की फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो, कारण झाडाला चुना वेळेवर पोचत नाही. वातीच्या डब्यात तो डाग क्वचित दिसतो.

एक गोष्ट मात्र दोघांना सारखीच भोगावी लागते. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. डब्यात पाणी खालून वर चढतं, हवेत उडतं आणि क्षार वरच्या मातीवर सोडून जातं. दुसऱ्या हंगामात साहेबांच्या डब्यांवर पांढरी साय धरली. वीस एकरवाल्यांनी बोट लावून चव घेतली आणि म्हणाले, "सायेब, तुमचं बी रान क्षारपड झालं." मग भिजवून क्षार कसे धुवायचे ते त्यांनीच शिकवलं: वरून भरपूर पाणी, खालून निचरा, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. त्या दिवसापासून त्यांची बोलाचाल वाढली, आणि ते साहेबांच्या गच्चीला "तुमचं रान" म्हणतात. साहेबांना पेन्शन वाढली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

आरोग्य खात्याशी मात्र संबंध बिघडलेले. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्यसेविका आल्या, त्यांनी गच्चीवर पाणी साचलेली एवढी भांडी पाहिली आणि "कोरडा दिवस पाळा, सगळी ओता" असा हुकूम केला. साहेब केशाकर्षणापासून सुरू झाले. बाईंनी पाइपात बॅटरी मारली. दोन डब्यांत अळ्या वळवळत होत्या. हल्ली प्रत्येक पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला आहे. मच्छरदाणी कोणाची हे वहिनींना विचारू नका.

जुलै २०२३ मध्ये देशभर टोमॅटो शंभराच्या पार गेला, तेव्हा साहेबांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. आत त्या वेळी पावसाने झोडपलेली चार झाडं आणि एकही फळ नव्हतं; पण कुलूप बघून गल्लीत साहेबांचा भाव वधारला. गल्लीतल्या एकीने तर मुलीच्या स्थळाचं बोलताना "त्यांची टोमॅटोची बाग आहे" असं सांगितल्याचं कळतं.

त्याच वर्षअखेरीस साहेबांना आयुष्यातला मोठा आधार मिळाला. फ्रँक रुबिओ या अमेरिकी अंतराळवीराने अंतराळ स्थानकात 'रेड रॉबिन' नावाचे असेच बुटके टोमॅटो पिकवले होते. त्यातला त्याच्या वाट्याचा तरंगत कुठेतरी गेला. सोबत्यांनी थट्टा मांडली की यानेच खाल्ला. बिचारा ३७१ दिवस वर राहून सप्टेंबरात परतला तरी डाग पुसला नव्हता; डिसेंबरात तो टोमॅटो सापडल्याचं सोबत्यांनीच जाहीर केलं. पुढच्या हंगामात साहेबांचं पाच नंबरचं फळ गेलं. साळुंकी, नातू, वीस एकरवाले, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. नातू रडायला लागला तेव्हा साहेबांनी त्याला जवळ घेऊन रुबिओची हकीकत सांगितली आणि धीर दिला की सत्य उशिरा का होईना बाहेर येतं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आमटीत टाकला मी. बाजारातला संपला होता." रजिस्टरात त्या रकान्यात लाल शाईने 'वाहतुकीतील घट' असं लिहिलेलं आहे.

हंगाम संपला की साहेब झाडं बुडाशी छाटून खोडवा धरतात. बुटका टोमॅटो एकदा लगडून गेला की त्याचं आयुष्य झालं; चार पानं फुटतात, फळ धरत नाही. हे त्यांना माहीत आहे. पण लागणीनंतर खोडवा नाही म्हणजे काय, उसाच्या मुलखात राहायचं की नाही?

श्रीपूरला आलात तर साहेबांची गच्ची जरूर बघा. वाट कोणीही दाखवेल. फक्त कोरड्या दिवशी जाऊ नका. आणि टोमॅटो हातावर ठेवला तर लगेच तोंडात टाकू नका. आधी त्याचा ब्रिक्स काढायचा असतो.